ट्यूबलाइटवरची मेफ्लाय आणि तीर्थनचा ट्राउट

पहिला पाऊस पडला की बोरिवलीतल्या आमच्या घरी जेवताना आतले दिवे मालवून फक्त गॅलरीतला ठेवायचा, हा आजीच्या वेळेपासूनचा शिरस्ता. नाहीतर वाळवीची पाखरं थेट आमटीत. गेल्या जूनमध्ये त्या गर्दीत एक पाखरू वेगळं दिसलं. वाळवीचे पंख पाठीवर आडवे पसरलेले असतात, याचे मात्र होडीच्या शिडासारखे सरळ उभे. मागे केसाएवढ्या बारीक दोन लांब शेपट्या. सकाळी ते खिडकीच्या जाळीवर तिथंच होतं. हळूच फुंकर मारली तर कांद्याच्या पापुद्र्यासारखं उडालं. आत कोणी नव्हतंच. ती नुसती कात होती. पायांची, शेपट्यांची आणि चक्क पंखांचीही.

इथं मी थबकलो. कीटकांत एकदा उडते पंख आले की कात टाकणं संपतं. फुलपाखरू, झुरळ, चतुर, सगळ्यांना हाच नियम. तो मोडणारा आज एकच गट शिल्लक आहे, मेफ्लायचा. जगात यांच्या तीन हजारांहून जास्त जाती आहेत, आणि मराठीत या प्राण्याला रुळलेलं नाव नाही. ‘दिव्यावरचं पाखरू’ म्हणून आपण मोकळे होतो.

फोटो मामांना पाठवला. मामा बँकेतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात हिमाचलात तीर्थन नदीवर गळ घेऊन ट्राउट नावाच्या माशाच्या मागे असतात. लगेच फोन आला. “अरे, डनचा स्पिनर झाला तुझ्या खिडकीत!”

हे गळवाल्यांचे शब्द. मेफ्लायचं जवळजवळ सगळं आयुष्य पाण्याखाली जातं. काही महिने, काही जातींत दोन वर्षं. या पाण्यातल्या पिल्लाला निम्फ म्हणतात. वेळ झाली की निम्फ पृष्ठभागाशी येते, पाठ उकलते आणि पंखवाली माशी बाहेर पडते. हा डन. त्याचे पंख धुरकट, दुधी काचेसारखे, कडेला बारीक केसांची झालर. बहुतेक जातींत दिवसभरात तो आणखी एकदा कात टाकतो आणि पंख लख्ख पारदर्शक होतात. हा स्पिनर. त्याला कामाचं तोंड नसतं, आतड्यात अन्नाऐवजी हवा असते. जोडी जमवायची, अंडी घालायची आणि मरायचं. अमेरिकेतल्या डोलानिया नावाच्या मेफ्लायची मादी तर पाण्याबाहेर पाच मिनिटंही जगत नाही.

एकाच जातीच्या हजारो निम्फ एकाच वेळी वर येतात, त्याला हॅच म्हणतात. ट्राउटच्या लेखी ती पंगतच. फ्लाय फिशिंगमध्ये गांडूळ किंवा कणकेची गोळी चालत नाही. हुकावर दोरा आणि पिसं गुंडाळून त्या दिवशीच्या माशीची नक्कल करायची असते, त्यामुळे पंगतीत कोणतं पक्वान्न आहे हे ओळखणं आलंच.

मामांची फजिती इथलीच. पहिल्या वर्षी तीर्थनवर संध्याकाळी पाण्यावर पिवळसर डन तरंगत होते, मासे भराभर वर येत होते. मामांनी हुबेहूब तसाच डन टाकला. दोन तास एकही मासा शिवला नाही. शेवटी गेस्ट हाऊसच्या पोरानं दाखवलं की वर येणाऱ्या माशाची पाठ तेवढी दिसते, तोंड पाण्याबाहेर येतच नाही. म्हणजे मासे डन खात नव्हतेच. पृष्ठभागाच्या बोटभर खाली, कातीत अर्धवट अडकलेल्या निम्फ ते टिपत होते. जात बरोबर, अवस्था चुकीची. माझ्या मते नवशिक्यानं आधी अवस्था ओळखायला शिकावं आणि लॅटिन नावांच्या मागं नंतर लागावं.

ट्राउट मुळात आपला नव्हे. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्याची अंडी काश्मीरमध्ये आणली, मग तो हिमाचलात आणि निलगिरीत पोचला. त्याला थंड, वाहतं पाणी लागतं, त्यामुळे मुंबईत तो सापडण्याचा प्रश्नच नाही. मेफ्लाय मात्र आहेत, आणि सराव त्यांच्यावर करता येतो.

म्हणून दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही बदलापूर लोकल पकडली. गावाबाहेरच्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून मामांनी एक दगड उचलून उलटा केला. दगडाच्या पोटाशी काहीतरी पटकन आडवं सरकलं, खेकड्यासारखं. आइस्क्रीमच्या पांढऱ्या डब्यात पाणी घेऊन त्यात सोडलं. नखाएवढी, दाबून चपटी केल्यासारखी निम्फ. डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, मागे तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले आणि ते सारखे थरथरत होते. ही हेप्टाजेनिइडी कुळातली. जोरदार धारेतही दगडाला चिकटून राहायचं तर अंग असं चपटंच हवं. दुसऱ्या दगडाखाली निमुळत्या अंगाची एक निघाली, ती छोट्या माशासारखी सुळकन पोहत सुटली. ती बीटिडी. तिसरा प्रकार गाळात बीळ करून राहणाऱ्या इफेमेरिडींचा. त्यांना खणायला सुळे असतात, पण त्या दिवशी काही भेटल्या नाहीत.

“तीन शेपट्या म्हणजे मेफ्लाय आणि दोन म्हणजे स्टोनफ्लाय, बरोबर?” मी विचारलं. स्टोनफ्लाय हा ओढ्यातलाच दुसरा कीटक, त्याची निम्फही अशीच दगडाखाली सापडते.

मामा हसले. “तिथंच सगळे फसतात. हिमालयातल्या ओढ्यांत एपिओरस असते. पक्की मेफ्लाय, पण शेपट्या दोनच. शेपट्या सोड, नखं बघ.” मेफ्लायच्या निम्फला प्रत्येक पायाला एकच नख असतं, स्टोनफ्लायला दोन. शिवाय पोटाच्या कडांना कल्ल्यांची रांग असेल तर ती मेफ्लाय. दहापट मोठं दाखवणारं भिंग त्याला पुरतं. बघून झाल्यावर निम्फ पाण्यात सोडल्या आणि दगड होते तसे ठेवले.

हॅच कधी होणार हे थंड प्रदेशात पुष्कळसं पाण्याचं तापमान ठरवतं, त्यामुळे तिथं तारखा ढोबळमानानं सांगता येतात. हंगेरीत टिसा नदीवर जूनच्या सुमारास प्रचंड मेफ्लाय निघतात, तेव्हा नदीला फुलोरा आला असं लोक म्हणतात. अमेरिकेत लेक एरी या सरोवरावरचे हेक्साजेनिया नावाच्या मेफ्लायचे थवे हवामान खात्याच्या रडारवर पावसासारखे दिसतात. आपल्याकडे पाणी बारमाही कोमट. अनेक जाती वर्षभर थोड्या थोड्या निघत राहतात, एका संध्याकाळची अशी पंगत क्वचितच बसते.

पावसाळ्यात एखादी काळी, तकतकीत गाडी तळ्याजवळ उभी असेल तर तिच्या टपावरही मेफ्लाय घिरट्या घालताना दिसू शकतात. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश आडवा ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः आडव्या दिशेतच हलतात, आणि त्यावरूनच त्या पाणी ओळखतात. डांबर आणि काळा रंग तोच प्रकाश परत पाठवतात, तोही पाण्यापेक्षा ठळक. कोरड्या डांबरी रस्त्यावर अंडी घालणाऱ्या मेफ्लायचा अभ्यास हंगेरीतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये मांडला. ती अंडी अर्थातच वाया जातात.

या जूनमध्ये मामा आमच्याकडेच होते. ट्यूबलाइटखाली एक बसली, तशी त्यांनी माझ्या मुलीच्या कंपासमधली पट्टी मागवली. अंग सहा मिलिमीटर. शेपट्या दोन. मागच्या पंखांची जोडी नाहीच. “क्लोऑन, नाहीतर तिची चुलत बहीण,” ते म्हणाले. क्लोऑन या मेफ्लायला वाहतं पाणी लागत नाही. तळं, डबकं, उघडा पडलेला हौदही चालतो. आमच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण गेले दोन महिने तुटलेलं आहे हे मी तेव्हा बोललो नाही. मामा आजीच्या शिवणाच्या डब्यात राखाडी दोरा शोधत होते, अठरा नंबरच्या बारीक हुकासाठी.