थोरियमच्या दहा पायऱ्या

१९०१ सालचा डिसेंबर. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अर्नेस्ट रदरफोर्ड आणि फ्रेडरिक सॉडी यांनी थोरियमच्या संयुगातून एक पदार्थ रासायनिक पद्धतीने वेगळा काढला. तो होता डोळ्यांना दिसणारही नाही इतका अत्यल्प, पण थोरियमची बरीचशी किरणोत्सारिता त्याच्याबरोबर निघून गेली. त्याला ‘थोरियम-एक्स’ असं नाव देऊन दोघं नाताळच्या सुट्टीवर गेले. परत येऊन पाहतात तर सगळं उलटं झालेलं! थोरियम-एक्स जवळजवळ निष्प्रभ झालेलं आणि थोरियम पुन्हा पहिल्यासारखं किरणोत्सारी. मग त्यांनी रोज मोजमापं घेतली. थोरियम-एक्सची किरणोत्सारिता साधारण चार दिवसांत निम्मी होत होती आणि तितक्याच दिवसांत थोरियमची निम्मी तूट भरून निघत होती. याचा अर्थ एकच लागत होता. थोरियम सतत थोरियम-एक्स तयार करत होतं आणि थोरियम-एक्स आणखी कशात तरी बदलत होतं. मूलद्रव्य बदलतं असं म्हणणं त्या काळी किमयागारांच्या पंगतीत जाऊन बसण्यासारखं होतं. तरीही १९०२ मध्ये त्यांनी ते छापलं.

अणूला केंद्रक असतं हेच तोवर कुणाला ठाऊक नव्हतं. तो शोध १९११चा. त्यामुळे नेमकं काय बदलतं हे त्यांना सांगता येणं शक्य नव्हतं. आज आपण सांगू शकतो. थोरियम-२३२च्या केंद्रकात ९० प्रोटॉन आणि १४२ न्यूट्रॉन असतात. दहा पायऱ्या उतरून ते शिसं-२०८ होतं, म्हणजे ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन. त्यातल्या सहा पायऱ्या अल्फाच्या, चार बीटाच्या. रदरफोर्ड-सॉडींचं थोरियम-एक्स चौथ्या पायरीखाली सापडतं, ते रेडियम-२२४.

अल्फाची पायरी आधी पाहू, कारण खरी गुंतागुंत तिथेच आहे. केंद्रकाला बांधून ठेवणारं बल जबरदस्त असतं, पण त्याचा पल्ला फार आखूड. प्रत्येक कण जेमतेम आपल्या शेजाऱ्यांनाच धरून ठेवतो. प्रोटॉनांचं एकमेकांना दूर ढकलणं मात्र केंद्रकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचतं. ९० प्रोटॉन एकत्र आले की हे ढकलणं डोईजड होऊ लागतं. अशा वेळी एखादा सुटा प्रोटॉन का बाहेर पडत नाही? कारण त्याला बाहेर काढायला ऊर्जा खर्ची पडते. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांची चौकडी, म्हणजेच हीलियमचं केंद्रक किंवा अल्फा कण, आपापसांत इतकी घट्ट बांधलेली असते की ती एकत्र बाहेर पडली तर उलट ऊर्जा शिल्लक राहते. थोरियम-२३२च्या बाबतीत ही शिल्लक सुमारे ४० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक) आहे. रासायनिक बंध तुटतात-जुळतात तेव्हा हिशेब दोन-चार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो, त्यावरून अंदाज यावा. अल्फा कण सुटला की बंदुकीसारखा धक्का मागे उरलेल्या केंद्रकालाही बसतो. त्याच्या वाट्याला येतात सुमारे ७० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट. नवजात रेडियमचा अणू खनिजाच्या स्फटिकातली आपली जागा सोडून शेजारच्या अणूंना विस्कटत जातो.

ऊर्जा शिल्लक राहणार असेल तर मग थोरियम थांबलंय कशाला? त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मी केंद्रकं बदलायला लागणारा काळ, सुमारे १,४०० कोटी वर्षं आहे, जवळपास विश्वाच्या वयाइतकं. अडचण अशी, की बाहेर पडू पाहणाऱ्या अल्फा कणाला वाटेत दोन कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टहूनही उंच अडथळा पार करावा लागतो आणि त्याच्या गाठीला असतात फक्त ४० लाख. जुन्या भौतिकशास्त्राच्या हिशेबाने तो कधीच सुटणार नाही. १९२८ मध्ये जॉर्ज गॅमॉव्ह यांनी, आणि स्वतंत्रपणे रोनाल्ड गर्नी व एडवर्ड कॉन्डन यांनी, क्वांटम सिद्धांत वापरून हे कोडं सोडवलं. अल्फा कण अडथळा ओलांडत नाही, त्याच्या आरपार जातो. तशी शक्यता नगण्य असते, पण शून्य नसते.

ही शक्यता ऊर्जेवर विलक्षण अवलंबून असते, आणि त्याचा सर्वांत सुंदर पुरावा थोरियमच्याच मालिकेत आहे. अगदी तळाशी पोलोनियम-२१२ नावाचं केंद्रक येतं. त्याच्या अल्फा कणाची ऊर्जा सुमारे ८८ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे थोरियमच्या दुपटीहून थोडी जास्त. आणि अर्धायुष्य? सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या तिप्पट. ऊर्जा दुप्पट, पण आयुष्यातला फरक एकावर चोवीस शून्यांचा. निसर्गात इतक्या थोड्या फरकाने इतकी उलथापालथ होण्याची उदाहरणं मला तरी फारशी आठवत नाहीत.

यातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट म्हणजे केंद्रक म्हातारं होत नाही. मालिकेतला रेडॉन-२२० हा वायू घ्या. अर्धायुष्य सुमारे ५६ सेकंद. नऊ-साडेनऊ मिनिटांनी हजारातला एखादाच अणू उरतो. हा उरलेला अणू आता थकलाय, त्याची घटका भरत आलीय, असं मुळीच नाही. पुढच्या ५६ सेकंदांत तो फुटण्याची शक्यता पहिल्याइतकीच, निम्मी. आतमध्ये कुठलंही घड्याळ चालू नसतं. तापवा, गोठवा, दाबाखाली ठेवा, अल्फाच्या पायरीवर फरक पडत नाही.

बीटाची पायरी वेगळ्या जातीची. थोरियम-२३२मधून अल्फा कण गेल्यावर रेडियम-२२८ उरतं, ८८ प्रोटॉन आणि १४० न्यूट्रॉन. प्रोटॉनांच्या मानाने न्यूट्रॉन जरा जास्त झाले. मग एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, आणि त्याच क्षणी एक इलेक्ट्रॉन व एक प्रतिन्यूट्रिनो जन्माला येऊन निघून जातात. हा इलेक्ट्रॉन आधी केंद्रकात दडून बसलेला नसतो, हे मुद्दाम सांगायला हवं. प्रतिन्यूट्रिनो तर इतका अलिप्त, की १९३० मध्ये वोल्फगांग पाउली यांनी ऊर्जेचा हिशेब जुळावा म्हणून असा एखादा कण असावा असं सुचवलं आणि तो प्रत्यक्ष पकडायला १९५६ उजाडलं.

असं लागोपाठ दोनदा झालं की प्रोटॉन पुन्हा ९० होतात. म्हणजे तीन पायऱ्या उतरून आपण परत थोरियमवरच! फक्त हे थोरियम-२२८, चार कणांनी हलकं आणि १.९ वर्षं अर्धायुष्याचं. ओटो हान यांना ते १९०५ मध्ये सापडलं तेव्हा त्याला ‘रेडिओथोरियम’ म्हटलं गेलं आणि कितीही प्रयत्न केले तरी रसायनशास्त्रज्ञांना ते साध्या थोरियमपासून वेगळं करता येईना. येणार कसं? रसायनशास्त्राला फक्त प्रोटॉनांची संख्या कळते. अशाच हट्टी जोड्यांवरून सॉडी यांनी १९१३ मध्ये समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची, कल्पना मांडली.

बीटाच्या बाबतीत भोवतालच्या इलेक्ट्रॉनांची थोडीफार लुडबुड चालते. टोकाचं उदाहरण रेनियम-१८७चं. एरवी त्याचं अर्धायुष्य ४,००० कोटी वर्षांहून अधिक, पण जर्मनीतल्या डार्मश्टाट इथल्या प्रयोगात त्याचे सगळे इलेक्ट्रॉन काढून घेतल्यावर ते सुमारे ३३ वर्षांवर आलं. नव्याने जन्मलेल्या इलेक्ट्रॉनला अणूतच रिकामी जागा मिळते, आणि ऊर्जेचं गणित सोपं होतं.

मालिकेच्या शेवटी रस्ता फुटतो. बिस्मथ-२१२ची शंभरातली सुमारे ६४ केंद्रकं बीटाने पोलोनियम-२१२ होतात, उरलेली ३६ अल्फाने थॅलियम-२०८. एकसारख्याच केंद्रकांपैकी कुठलं कुठल्या वाटेने जाईल, हे आधी सांगायची सोय नाही. दोन्ही वाटा शिसं-२०८लाच मिळतात, पण थॅलियमच्या वाटेने आलेलं शिसं उत्तेजित अवस्थेत जन्मतं. जादाची ऊर्जा ते गॅमा किरणांवाटे टाकून देतं, त्यातला २६ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा किरण म्हणजे थोरियमची ओळखखूणच. यात प्रोटॉन बदलत नाहीत, न्यूट्रॉनही नाहीत. तेच कण कमी ऊर्जेच्या मांडणीत बसतात.

शिसं-२०८मध्ये ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन दोन्हींची कवचं (केंद्रकातले ऊर्जेचे थर) पूर्ण भरलेली असतात, म्हणून उतार तिथे संपतो. सर्वांत जड स्थिर केंद्रकाचा मान मात्र बराच काळ पलीकडच्या बिस्मथ-२०९कडे होता. २००३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी अतिशय थंड ठेवलेल्या उपकरणात त्याचेही अल्फा कण टिपले. अर्धायुष्य भरलं सुमारे दोनावर १९ शून्यं इतकी वर्षं, विश्वाच्या वयाच्या शंभर कोटी पटींहून जास्त, आणि तो मान शिसं-२०८कडे आला.