ब्लूजची गिटार आणि देवाची गाणी

अंतराळात पाठवलेल्या व्हॉयेजर यानाच्या सोनेरी तबकडीवर आपल्या गायिका केसरबाई केरकर आहेत हे बऱ्याच जणांना माहितीये, 'जात कहाँ हो', भैरवी. पण त्याच तबकडीवर टेक्सासमध्ये रस्त्याच्या कडेला गिटार वाजवून पोट भरणारा एक आंधळा गायकही आहे, ब्लाइंड विली जॉन्सन, आणि त्याच्या त्या गाण्यात एकही शब्द नाहीये.

तर याच्या मागची गोष्ट अशी की १९२० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेकडे काळ्या चर्चवाल्या मंडळींच्या लेखी ब्लूज, म्हणजे काळ्या लोकांचं सुखदुःखाचं गाणं, हे सैतानाचं गाणं, दारूच्या अड्ड्यावरचं. आता देवाची गाणी म्हणणाऱ्यांची गिटार तर तीच, तारेवर बाटलीची मान नाहीतर चाकू घासून काढलेले सूरही तेच, फक्त शब्द देवाचे. रेकॉर्ड कंपन्यांना काय, दोन्ही विकायचं होतं, काळ्या गिऱ्हाइकांसाठी 'रेस रेकॉर्ड' म्हणून वेगळी यादीच निघायची. मग ब्लूजवाला ब्लाइंड लेमन जेफरसन देवाचं गायला की लेबलवर डीकन एल. जे. बेट्स, आणि चार्ली पॅटनचा झाला एल्डर जे. जे. हॅडली (डीकन, एल्डर ही चर्चमधली पदं)! नाव बदललं की माणूस लगेच सोवळ्यात.

जॉन्सनला असली नाटकं लागली नाहीत कारण तो गायचाच देवाचं. ३ डिसेंबर १९२७ ला डलासमध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी त्याने एका दिवसात सहा गाणी दिली, त्यातलंच हे, 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड'. नाव एका जुन्या इंग्रजी स्तोत्रातलं, क्रुसावर जायच्या आदल्या रात्रीची, गेथसेमनेच्या बागेतल्या येशूची गोष्ट. पण हा स्तोत्र म्हणतच नाही, नुसता घशातून हुंकारतो, आणि हुंकार जिथे तुटतो तिथून गिटार तो सूर उचलते, मग कधीकधी कळतच नाही की आत्ता माणूस रडला का तार. सव्वातीन मिनिटं फक्त. बाकीच्या बऱ्याच गाण्यांत त्याचा आवाज एकदम घोगरा, खरखरीत, आणि सोबत विली बी. हॅरिस या बाईचा सरळ साधा सूर.

१९३० पर्यंत तीस गाणी झाली, मग मंदीत रेकॉर्डिंगच बंद. तो परत रस्त्यावर, १९४५ मध्ये टेक्सासमधल्याच बोमाँटला वारला.

असाच आणखी एक आंधळा गिटारवाला गॅरी डेव्हिस, त्याने १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये दोन ब्लूज रेकॉर्ड केली आणि बाकी सगळं देवाचंच गायला. पुढे साठच्या दशकात तिकडची गोरी पोरं याच आंधळ्या रेव्हरंड (पाद्री) डेव्हिसकडे गिटार शिकायला रांग लावायची.