ठेव विमा (भारत)

ठेव विमा : बँक बुडाल्यास किंवा तिच्यावर पैसे काढण्याचे निर्बंध आल्यास ठेवीदाराला ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम मिळण्याची वैधानिक तरतूद. भारतात ही जबाबदारी रिझर्व्ह बँकेच्या पूर्ण मालकीच्या ‘ठेव विमा आणि पत हमी महामंडळा’कडे आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदारामागे ५ लाख रु. असून तीत मुद्दल व व्याज दोन्ही येतात.

उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक न्यूयॉर्क राज्याच्या १८२९ च्या सुरक्षा निधीपर्यंत मागे जातात. पण तो एका राज्यापुरता होता. चेकोस्लोव्हाकियात १९२४ मध्ये देशव्यापी व्यवस्था झाली, तर अमेरिकेतील विमा १९३३ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १९३४ पासून लागू झाला. ‘भारत हा ठेव विमा आणणारा दुसरा देश’ हे विधान वारंवार आढळते. चेकोस्लोव्हाकियाचा प्रयोग बाजूला ठेवला तरच ते टिकते. अमेरिकी धर्तीच्या विमा महामंडळापुरते ते घेणे अधिक सुरक्षित. भारतात ही कल्पना १९४८ च्या बंगालमधील बँकबुडीनंतर चर्चेत आली व मागे पडली. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि त्यानंतर केरळातील पालई सेंट्रल बँक कोसळली. बहुतेक लेखक पालईलाच निमित्त मानतात. दोन्ही घटना एकत्र धरणे अधिक योग्य वाटते. कायदा १९६१ चा. महामंडळाचे काम १ जानेवारी १९६२ रोजी सुरू झाले. तेव्हाची मर्यादा १,५०० रु. होती, १९९३ मध्ये ती १ लाखावर गेली व पुढे सुमारे २७ वर्षे तेथेच राहिली. सहकारी बँकांना विमा लागू करणारी दुरुस्ती १९६८ ची आहे.

विम्याचा हप्ता बँक भरते. तो ठेवीदाराकडून वसूल करता येत नाही. एप्रिल २०२० मध्ये तो दर १०० रु. ठेवीमागे वर्षाला १२ पैसे ठरला.

बचत, चालू, मुदत व आवर्ती ठेवी एकाच बँकेच्या कितीही शाखांत असल्या तरी एकत्र मोजतात. मुद्दल ४,८०,००० आणि साचलेले व्याज ३२,००० असेल, तर १२,००० रु. विम्याबाहेर राहतात. एकल मालकीच्या दुकानाचे खाते मालकाच्या वैयक्तिक खात्यात मिळवतात. भागीदारीचे किंवा अज्ञान (अल्पवयीन) मुलाचा पालक म्हणून उघडलेले खाते मात्र वेगळे धरतात. संयुक्त खात्यात नावांचा क्रमही पाहतात : ‘अ व ब’ आणि ‘ब व अ’ यांना स्वतंत्र मर्यादा मिळते. ठेवीदाराचे त्याच हक्कातील (त्याच नात्याने असलेले) बँकेचे थकीत देणे आधी वजा होते. ६ लाखांच्या ठेवीवर २ लाखांचे कर्ज असल्यास हिशेब ४ लाखांचा. सरकारी व आंतरबँक ठेवींना संरक्षण नाही.

खरी अडचण रकमेपेक्षा वेळेची होती. पूर्वी परवाना रद्द होऊन अवसायक (बँकेची मालमत्ता विकून देणी फेडणारा अधिकारी) नेमला जाईपर्यंत, किंवा विलीनीकरणाची योजना मंजूर होईपर्यंत, विम्याचा दावाच उभा राहत नसे. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा प्रथम खात्यामागे केवळ १,००० रु. काढता येत होते. पुण्याच्या रुपी बँकेवर निर्बंध आले फेब्रुवारी २०१३ मध्ये, परवाना रद्द झाला सप्टेंबर २०२२ मध्ये. १९६१ च्या कायद्यातील कलम १८अ (१ सप्टेंबर २०२१ पासून लागू) याच पोकळीसाठी आहे. निर्बंध लागल्यावर बँकेने ४५ दिवसांत ठेवीदारांची यादी द्यायची, महामंडळाने ३० दिवसांत ती तपासायची आणि पुढील १५ दिवसांत पैसे द्यायचे. विलीनीकरण विचाराधीन असल्यास आणखी ९० दिवस लागू शकतात. ठेवीदाराने संमतिपत्र, ओळखीचा पुरावा व दुसऱ्या बँकेतील खात्याचा तपशील आपल्या बँकेकडे द्यावा लागतो. केवायसी अपुरी, किंवा मृत खातेदाराचा वारस ठरलेला नाही, अशा प्रकरणांत रक्कम अडकते. मर्यादेवरील ठेव अवसायकाच्या वसुलीवर अवलंबून असते, आणि त्या वसुलीतून महामंडळाचीही परतफेड व्हायची असते.

व्यापारी बँकांबाबत सहसा विम्यापर्यंत वेळ येत नाही. मार्च २०२० मध्ये येस बँकेच्या खात्यांतून पैसे काढण्यावर ५०,००० रु. ची मर्यादा आली, पण पुनर्रचनेनंतर ती काही दिवसांतच उठली. पतसंस्था, प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्था आणि बिगर बँकिंग वित्त कंपन्या यांच्या ठेवींना हा विमा नाही. एखाद्या पतसंस्थेचे काउंटर व पासबुक हुबेहूब बँकेसारखे असले तरीही. विमाधारक बँकांची यादी महामंडळाच्या संकेतस्थळावर आहे.