अग्नी : द्रव्य की ऊर्जा?

अग्नी म्हणजे ज्वलनाची क्रिया. इंधनाचा ऑक्सिजनशी वेगाने संयोग होतो, उष्णता आणि प्रकाश बाहेर पडतात आणि त्या जागी तापलेल्या वायूंची ज्योत दिसते. ज्योतीतले वायू हे द्रव्य. तिची धग आणि उजेड ही ऊर्जा. आणि आग ही या दोन्हींना एकत्र गुंतवणारी घटना. शाळेत हा प्रश्न बहुधा एका ओळीत निकालात निघतो. रसायनशास्त्राची गोडी लावायला मात्र याहून चांगला प्रश्न सापडणे कठीण.

बडोद्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या मराठी घरात हा विषय रोज डोळ्यांसमोर असतो : ओट्यावर शेगडीची निळी ज्योत, देवघरात समईची पिवळी. शहरात नळाने गॅस १९७०च्या दशकापासून येतो. हा नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. १६ ग्रॅम मिथेन जळताना ६४ ग्रॅम ऑक्सिजन घेतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व ३६ ग्रॅम पाणी तयार होते. यातले पाणी स्वयंपाकघरात बघता येते. थंड पाण्याने भरलेले पातेले पेटत्या शेगडीवर ठेवले, की त्याच्या बाहेरच्या अंगावर क्षणभर दव धरते आणि पातेले तापताच नाहीसे होते. पातेले गळके नसते. ते पाणी ज्योतीत जन्मलेले असते.

समईची गोष्ट वेगळी. वातीवर चढलेल्या तेलाची वाफ होते, पण ज्योतीच्या आतल्या भागात तिला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. तिथे कार्बनचे सूक्ष्म कण सुटतात, तापून लाल-पिवळे होतात आणि तोच आपल्याला उजेड दिसतो. ज्योतीवर तांब्याची वाटी पालथी धरून काजळ पाडतात, ते हेच न जळलेले कण. शेगडीच्या ज्योतीत वायू आधीच हवेत मिसळलेला असतो, म्हणून काजळी जवळजवळ धरत नाही. तिचा निळा रंग क्षणभर टिकणाऱ्या कार्बन-हायड्रोजनच्या तुकड्यांपासून येतो. काजळ बोटाला लागते, म्हणून पिवळी ज्योत द्रव्य आहे हे पटते. निळीही तितकीच द्रव्य आहे. सुमारे १५०० अंश सेल्सियसला तिच्यातल्या वायूंची घनता खोलीतल्या हवेच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकी उरते, म्हणून ज्योत वर धावते. मात्र तिच्यातले द्रव्य सतत बदलत असते. विश्वामित्रीच्या पुरातल्या भोवऱ्यासारखे आकार तोच, पाणी दुसरे.

ऊर्जा येते ती रासायनिक बंधांच्या देवघेवीतून. जुने बंध तोडायला ऊर्जा लागते, म्हणून काडी ओढावी लागते. नवे बंध जुळताना त्याहून अधिक ऊर्जा सुटते. १६ ग्रॅम मिथेनमागे ती सुमारे ८०० किलोज्यूल भरते. सापेक्षतावादानुसार एवढ्या ऊर्जेचे वस्तुमान जेमतेम ९ नॅनोग्रॅम. तेव्हा आगीत द्रव्याची ऊर्जा होऊन जाते, ही समजूत सोडून द्यावी. आगीला सरसकट प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांनी भरलेला वायू, म्हणणेही योग्य नाही. घरच्या ज्योतीत असे विद्युतभारित कण (आयन) फार विरळ असतात. पण असतात, आणि त्यांतून वाहणाऱ्या क्षीण विद्युतप्रवाहावरून बॉयलरमधली ज्योत पेटती आहे की विझली हे ओळखता येते.

द्रव्य की ऊर्जा, हा घोळ थोरामोठ्यांचाही झाला. ज्वलनात ऑक्सिजनचे काम काय हे दाखवणाऱ्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७८९च्या मूलद्रव्यांच्या यादीत प्रकाश आणि उष्णता यांनाही जागा दिली. रमफर्डने १७९८ मध्ये तोफेला भोक पाडताना घर्षणाने उष्णता निघतच राहते, म्हणजे ती द्रव्य नसावी, हे मांडले. १८४०च्या दशकात जूलच्या प्रयोगांनी उष्णतेला ऊर्जेच्या हिशेबात बसवले.

भारतीय परंपरेत या प्रश्नाचा सर्वांत नेटका विचार वैशेषिकांनी, म्हणजे कणादाच्या दर्शनाच्या अनुयायांनी, केला आहे, आणि त्यात बडोद्याचा वाटा मोठा आहे. कणादाच्या वैशेषिकसूत्रांवरची चंद्रानंदाची जुनी टीका मुनी जंबूविजयजींनी संपादित केली आणि ती १९६१ मध्ये येथील प्राच्यविद्या मंदिराच्या गायकवाड ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाली. कणादाने तेज हे नऊ द्रव्यांपैकी एक मानले : ‘तेजो रूपस्पर्शवत्’, म्हणजे तेजाला रूप आणि स्पर्श आहेत. पुढच्या ग्रंथांत लाकडाची आग, वीज, जठराग्नी आणि सोनेसुद्धा तेजातच मोजलेले आढळते. कच्चे मडके भट्टीत लाल कसे होते, यावर तर दोन पक्ष पडले. वैशेषिकांच्या मते मडके परमाणूंपर्यंत विखुरते, परमाणूंचा रंग बदलतो आणि मडके पुन्हा जुळते. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, मते अख्खे मडकेच रंग बदलते. तेजाचे कण मातीत शिरून हे घडवतात, हे दोघांनाही मान्य होते. आजच्या रसायनशास्त्राप्रमाणे भट्टीतून मातीत उष्णता शिरते, हवेतून ऑक्सिजन मिळतो आणि मातीतल्या लोहाचे लाल ऑक्साइड बनते. मडके मात्र अख्खेच राहते.