अणूंची स्मृती लांबवताना : लेसर-चुंबकमापकांच्या संवेदनक्षमतेचा शोध

मेंदूतील चेतापेशी एकाच वेळी कार्यरत झाल्या की त्यांच्यातून वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युतप्रवाहांमुळे डोक्याबाहेर चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. पण ते इतके क्षीण असते, सुमारे १०० फेमटोटेस्ला, की पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र त्याच्या कोट्यवधी पटींनी बलवान ठरते. (एक फेमटोटेस्ला म्हणजे टेस्लाचा एक हजार अब्जांश भाग, आणि त्याचाही हजारावा हिस्सा.) असे क्षेत्र मोजण्यासाठी दीर्घकाळ अतिसंवाहक उपकरणे वापरली जात होती, आणि ती उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवून ठेवावी लागत. आज तेच काम काचेच्या छोट्या कुपीतले, थंड नव्हे तर चांगले तापवलेले, रुबिडियम किंवा पोटॅशियमचे बाष्प आणि लेसरचा झोत मिळून करू शकतात.

या धातूंच्या प्रत्येक अणूच्या बाह्यतम कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि त्याच्या स्पिनमुळे, म्हणजे अंगभूत कोनीय संवेगामुळे, तो अणू एका इवल्याशा चुंबकासारखा वागतो. बाष्पातील अणूंच्या स्पिनांच्या दिशा एरवी विस्कळीत असतात. मात्र वर्तुळाकार ध्रुवण असलेला आणि नेमक्या तरंगलांबीचा प्रकाश (रुबिडियमसाठी ७९५ नॅनोमीटर) त्यांच्यावर टाकला की प्रकाशाचा कोनीय संवेग शोषून घेत ते सारे एका दिशेला वळतात. आल्फ्रेड कास्टलेर यांनी १९५० मध्ये मांडलेल्या या तंत्राला प्रकाशीय पंपन म्हणतात. त्यांना १९६६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. असे एकदिश झालेले स्पिन चुंबकीय क्षेत्रात, कललेला भोवरा डोलतो त्याप्रमाणे, डोलू लागतात. या डोलण्याला परांचन म्हणतात, आणि रुबिडियम-८७ मध्ये त्याची वारंवारता प्रत्येक नॅनोटेस्लामागे सुमारे ७ हर्ट्झ असते. दुसरा लेसर त्या बाष्पातून आरपार गेला की स्पिनांच्या दिशेनुसार त्याचे ध्रुवणप्रतल, म्हणजे प्रकाशलहरी ज्या प्रतलात कंप पावतात ते, किंचित फिरते, आणि ते फिरणे मोजले की चुंबकीय क्षेत्र कळते.

येथपर्यंतचे तत्त्व सोपे आहे. अवघड आहे ते मोजमाप अधिकाधिक तलम करत नेणे. पुंजयामिकीच्या नियमांमुळे प्रत्येक अणूच्या स्पिनच्या मापनात काही अनिश्चितता अटळ असते. अणूंची संख्या, स्पिनांची एकदिशा टिकण्याचा कालावधी आणि मोजमापाला दिलेला वेळ यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात ही अनिश्चितता घटते, म्हणजे मोजमापाचा वेळ चौपट केला तर त्रुटी निम्मी होते. मग कुपी तापवून अणूंची संख्या वाढवावी, हा विचार साहजिकच सुचतो, पण तो एका टप्प्यानंतर निष्फळ ठरतो: बाष्प जितके दाट, तितक्या अणूंच्या आपापसातल्या टकरी अधिक, आणि तितकीच स्पिनांची स्मृती, म्हणजे त्यांची टिकून राहिलेली एकदिशा, अल्पजीवी. संख्येने जे कमावले ते स्मृतीने गमावले जाते. म्हणून, माझ्या मते, या क्षेत्राचा इतिहास अणूंची स्मृती जपण्याचा इतिहास म्हणूनच वाचला पाहिजे.

स्मृती पुसणारी पहिली गोष्ट म्हणजे कुपीची भिंत. ताशी हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने धावणारा अणू एक सेंटिमीटर अंतर काही दहा मायक्रोसेकंदांत ओलांडतो, आणि उघड्या काचेला स्पर्श होताच त्याची दिशा हरवते. त्यावर दोन उपाय रूढ झाले. कुपीच्या आतल्या बाजूला पॅराफिनचा पातळ लेप दिला, तर अणू हजारो वेळा भिंतीवर आदळूनही आपला स्पिन राखतो. किंवा कुपीत नायट्रोजन, हेलियम यांसारखा निरुपद्रवी वायू भरला, तर अणूंना भिंतीपर्यंत पोहोचायलाच वेळ लागतो.

खरी कोंडी मात्र अणूंच्या परस्परांवरील आघातांची होती, आणि ती ज्या मार्गाने फुटली तो मला या विषयातला सर्वांत सुंदर विचार वाटतो. दोन अणू एकमेकांवर आदळतात तेव्हा त्यांच्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन अदलाबदल होऊ शकतात. अशा टकरीत एकूण स्पिन नष्ट होत नाही. पण अणूची मूलावस्था, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था, दोन उपपातळ्यांत विभागलेली असते, या दोन पातळ्यांमधील परांचन जवळपास सारख्या वेगाने परंतु विरुद्ध दिशांनी चालते, आणि टकरीमुळे अणू एका पातळीतून दुसरीत ढकलला जातो. त्यामुळे कोण कुठे, किती डोलला याचा मेळ बिघडतो. १९७३ मध्ये विल्यम हॅपर आणि एच. टँग यांनी दाखवून दिले की टकरी कमी करण्याऐवजी त्या पुष्कळ वाढवल्या, आणि चुंबकीय क्षेत्र इतके कमी ठेवले की दोन टकरींदरम्यान स्पिनला अगदी नगण्य कोनातूनच वळता यावे, तर गोंधळ वाढण्याऐवजी मावळतो. अणू दोन्ही पातळ्यांत इतक्या झपाट्याने ये-जा करतो, की सर्व अणू मिळून एकाच सरासरी वेगाने, जरा संथपणे पण एकत्र डोलत राहतात. मग उरतात त्या खरोखर स्पिन नष्ट करणाऱ्या टकरी, आणि पोटॅशियममध्ये त्यांची शक्यता अदलाबदलीच्या टकरींच्या सुमारे दहा हजारांश इतकीच असते. प्रिन्स्टन विद्यापीठातील मायकेल रोमालिस यांच्या गटाने या कल्पनेवर चुंबकमापक उभारला. त्यात कुपी १५० अंशांहून अधिक तापवून दर घनसेंटिमीटरमध्ये सुमारे १०० लाख कोटी अणू ठेवले जात. २००३ मध्ये त्यांनी दर वर्गमूळ हर्ट्झमागे ०.५४ फेमटोटेस्ला (ढोबळपणे, सुमारे एका सेकंदाच्या मोजमापात ओळखता येणारे सर्वांत लहान क्षेत्र) एवढी संवेदनक्षमता नोंदवली, तर २०१० मध्ये ती ०.१६ पर्यंत गेली.

अशा पातळीवर पोहोचल्यावर अडथळा अणूंचा राहत नाही, तो भोवतालचा होतो. बाहेरचे क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूच्या कवचातही इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे अखंड हालतात आणि त्यांचे क्षीण प्रवाह स्वतःच चुंबकीय गोंगाट करतात. म्हणून सर्वांत आतले आवरण विद्युतप्रवाह जवळपास न वाहू देणाऱ्या फेराइटचे करावे लागले. उरलेला गोंगाट दोन शेजारच्या बिंदूंवरील मोजमापांची वजाबाकी करून काढतात, कारण दूरचा स्रोत दोन्ही ठिकाणी जवळपास सारखाच उमटतो.

लेसरबाबतही अशीच तारेवरची कसरत आहे. प्रकाशकण एकेक करून, अनियमितपणे येतात, त्यामुळे झोत जितका प्रखर तितके वाचन नेमके. पण तोच झोत स्पिनांना विचलित करतो, त्यांच्या ऊर्जापातळ्या किंचित सरकवतो आणि खोटे चुंबकीय क्षेत्र भासवतो. म्हणून वाचणाऱ्या लेसरची तरंगलांबी अणूच्या अनुनादापासून, म्हणजे अणू सर्वाधिक शोषतो त्या तरंगलांबीपासून, मुद्दाम दूर ठेवतात आणि आरशांच्या साहाय्याने तोच किरण कुपीतून अनेकदा फिरवतात. याहून पुढे जाऊन, प्रकाशाची अनिश्चितता न मोजायच्या गुणधर्मात ढकलून मोजायच्या गुणधर्मात ती कमी करण्याचा प्रयोगही २०१० मध्ये बार्सिलोनातील एका संशोधन गटाने यशस्वी केला. असा ‘स्क्वीझ्ड’ प्रकाश थोडाच लाभ देतो, परंतु नेहमीच्या पुंज मर्यादेपलीकडे जाता येते हे त्याने सिद्ध केले.

शेवटी एक गोष्ट, जी केवळ आकड्यांकडे पाहून ध्यानात येत नाही. मेंदूचे क्षेत्र अंतरानुसार झपाट्याने घटते. द्रवरूप हेलियमच्या उपकरणात इन्सुलेशनमुळे संवेदक त्वचेपासून काही सेंटिमीटर दूर राहतो, पण काचेची इवलीशी कुपी अगदी डोक्याच्या त्वचेजवळ बसवता येते, त्यामुळे कुपी लहान, म्हणजे अणू कमी आणि स्वतःची संवेदनक्षमता काहीशी कमी असूनही, ती अधिक बलवान संकेत पकडते. नॉटिंगहॅम विद्यापीठ आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथील संशोधकांनी २०१८ मध्ये अशा कुप्या बसवलेले शिरस्त्राण तयार केले, आणि ते घातलेली व्यक्ती मान हलवत, चहा पीत, चेंडू खेळत असतानाही तिच्या मेंदूची क्रिया नोंदवली. त्यासाठी त्यांना तिच्या दोन्ही बाजूंना तारांची वेटोळी उभी करून, कवचाच्या खोलीत शिल्लक राहिलेले पृथ्वीचे क्षेत्र जवळजवळ शून्यावर आणावे लागले, कारण एरवी डोके वळताच बदलणारे तेच क्षेत्र कुपीतील अणूंना त्यांच्या कार्यक्षेत्राबाहेर लोटून देते.