ऑनलाइन उद्धटपणा

समाजमाध्यमे, गटचर्चा, ईमेल अशा माध्यमांतून केलेले अपमानकारक, हिणवणारे किंवा धमकावणारे लेखन. एरवी सौम्य असलेली माणसे पडद्याआड गेली की उर्मट होतात, असे सर्रास मानले जाते. ते अर्धेच खरे आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये ऑनलाइन भीड चेपण्याची सहा कारणे मांडली: निनावीपणा, अदृश्यता, उत्तर लगेच न येणे, समोरच्याचा स्वर मनानेच ठरवणे, सारे काही खेळातले वाटणे आणि अधिकाराचा धाक न उरणे. याच कारणांमुळे माणूस परक्यापाशी मन मोकळेही करतो, हे सुलर यांनी आवर्जून नोंदवले; ती बाजू सहसा विसरली जाते.

सगळा दोष निनावीपणावर टाकणे सोपे, पण चुकीचे आहे. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पडताळणी सक्तीची केली. बेकायदा मजकूर त्यामुळे लक्षणीय घटल्याचे दिसत नाही, असे सांगत तिथल्या संविधान न्यायालयाने २०१२ मध्ये ती तरतूद रद्द केली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या लॅपिडॉट-लेफ्लर आणि बराक यांच्या प्रयोगात निनावीपणापेक्षा नजरानजर नसण्याचा परिणाम जास्त आढळला. समोरासमोर बोलताना ऐकणाऱ्याचा चेहरा पडला की बोलणारा वाक्य अर्ध्यावर आवरतो किंवा सारवासारव करतो. लेखनात हा लगाम नाही. मजकूर पूर्ण होतो, जातो आणि तसाच राहतो.

स्वरही हरवतो. क्रुगर, एपली आणि सहकाऱ्यांच्या २००५ मधील प्रयोगांत, आपला उपरोध ईमेलमधून नक्की कळेल अशी लिहिणाऱ्यांची खात्री होती. वाचणाऱ्यांचा अंदाज मात्र नाणेफेकीपेक्षा फारसा सरस नव्हता. बरीच भांडणे इथेच पेटतात: थट्टा टोमणा म्हणून वाचली जाते आणि उत्तर खऱ्या रागाने येते.

माणूस खरोखर बदलतो का? राजकीय चर्चांपुरते याचे उत्तर बोर आणि पीटरसन यांनी अमेरिका व डेन्मार्कमधील पाहण्यांतून दिले (२०२२). ऑनलाइन आक्रमक असणारी माणसे प्रत्यक्षातही तशीच असतात. फरक पडतो तो दिसण्यात. घरातले भांडण चारचौघांपलीकडे जात नाही, ऑनलाइन वाद हजारो अनोळखी लोक वाचतात, म्हणून तिथे उद्धटपणा जास्त भासतो. तरी उद्धटपणा ठरावीक माणसांचीच मक्तेदारी नाही. चेंग आणि सहकाऱ्यांच्या २०१७ मधील प्रयोगात बिघडलेली मनःस्थिती आणि आधीच्या कडवट प्रतिक्रिया एकत्र आल्या, तेव्हा सामान्य माणसेही ट्रोलिंगकडे झुकली. त्यामुळे चर्चेच्या सुरुवातीचेच दोन-चार शिवराळ मजकूर लवकर हटवणे, पुढे शेकडो हटवत बसण्यापेक्षा शहाणपणाचे.

पाठवण्यापूर्वीचा थांबाही उपयोगी पडतो. ट्विटरने आक्षेपार्ह वाटणाऱ्या उत्तरापूर्वी ‘पुन्हा वाचून पाहा’ अशी सूचना दाखवली, तेव्हा ३४ टक्के लोकांनी मजकूर बदलला किंवा पाठवलाच नाही, असे कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केले. ठरवून छळणाऱ्याला अशी सूचना अडवत नाही. त्याच्यासाठी ब्लॉक करणे, पुराव्यादाखल स्क्रीनशॉट ठेवणे आणि तक्रार नोंदवणे हेच मार्ग आहेत.