नाइटमधला एट आणि हरवलेला ‘क’

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांवर सकाळच्या सुविचारांसोबत एक निरोप फिरतोय. ‘एट’च्या स्पेलिंगमधला पहिला ई पुसून तिथे एन लिहा, ‘नाइट’ तयार! जर्मनमध्ये आठ म्हणजे ‘आख्ट’ आणि रात्र ‘नाख्ट’. इटालियनमध्ये ‘ओत्तो’ आणि ‘नोत्ते’, स्पॅनिशमध्ये ‘ओचो’ आणि ‘नोचे’. गणितात एन म्हणजे हवी ती संख्या, आडवा आठ म्हणजे अनंत. सबब रात्र म्हणजे आत्म्याचं अनंताशी मीलन. खाली जोडलेले हात.

गंमत अशी की शब्दांच्या जोड्या अगदी बरोबर आहेत. अनंताचं तेवढं सोडून द्या. आडवा आठ हे चिन्ह जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५५ मध्ये वापरात आणलं, आणि हे शब्द त्याच्या हजारो वर्षं आधीपासून लोकांच्या तोंडी आहेत. शिवाय तमिळमध्ये रात्र ‘इरवु’ आणि आठ ‘एट्टु’. तिथल्या आत्म्यांनी काय करायचं?

जोड्या जुळतात त्याचं कारण ‘क्त’ हे जोडाक्षर आहे. लॅटिनमध्ये रात्रीच्या शब्दाचं अंग ‘नोक्त’ आणि आठ म्हणजे ‘ओक्तो’. दोन्हींत ‘क्त’. आता ध्वनी बदलतो तो शब्दाचा अर्थ बघून बदलत नाही. जिभेची एखादी हालचाल बदलली, की ती हालचाल जिथे जिथे असेल ते सगळे शब्द एकदम बदलतात. रात्र असो, आठ असो, नाहीतर दूध.

‘क्त’ सावकाश म्हणून बघा. ‘क’साठी जिभेचा मागचा भाग टाळूला चिकटतो. तो सुटायच्या आधीच जिभेचं टोक ‘त’साठी दातांमागे जाऊन बसलेलं असतं. त्यामुळे ‘क’ सुटल्याचा स्फोट बाहेर ऐकूच येत नाही. ऐकू येते ती क्षणभराची शांतता आणि मग ‘त’. मूल कानाने भाषा शिकतं. त्याला ‘त्त’ ऐकू येतं आणि ते तसंच म्हणतं. इटालियनमध्ये हेच झालं आणि प्राकृतातही हेच झालं. भक्त म्हणजे अन्न, त्याचं ‘भत्त’ झालं. मराठीने पुढची पायरी घेतली: जोड ‘त्त’ एकेरी केला आणि वाचलेला वेळ आधीच्या स्वराला दिला. भत्तचा भात, सप्त-सत्तचा सात. आपल्या गावात तर मधली पायरीही ऐकायला मिळते. बाजारात हिंदीतून मागायचं ते ‘सत्तू’, घरी आजीच्या तोंडी ‘सातू’. मूळ दोघांचं ‘सक्तु’.

स्पॅनिशची वाट निराळी. तिथे ‘क’ विरघळून ‘य’सारखा झाला (पोर्तुगीज ‘नोइते’ आणि ‘ओइतो’ तिथेच थांबले आहेत) आणि त्या ‘य’ने शेजारच्या ‘त’चा ‘च’ केला. नृत्यचा ‘नच्च’ आणि मग ‘नाच’ होताना आपल्याकडेही ‘त’ आणि ‘य’ मिळून ‘च’च झाला.

जर्मन-इंग्रजीच्या शाखेत ‘त’च्या आधी जीभ टाळूला पुरती चिकटेनाशी झाली, फटीतून हवा घासू लागली. उर्दूतल्या ‘ख़बर’चा ‘ख़’ आठवा. जुन्या इंग्रजीत ‘नाइट’ हा शब्द ‘निख़्ट’ असा बोलला जाई आणि त्यातला ‘ख़’ एका एचने लिहिला जाई. १०६६ मध्ये फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर त्यांच्या वळणाच्या लेखनिकांच्या हाती त्याचा जी-एच झाला. १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना घातला, स्पेलिंग हळूहळू गोठू लागलं, आणि नेमका त्याच सुमाराच्या दोनेक शतकांत ‘ख़’ बोलण्यातून गेला. जाताना त्यानेही आपला वेळ आधीच्या स्वराला दिला: निख़्टचा ‘नीट’ (डॉक्टरकीच्या परीक्षेशी संबंध नाही). पुढे इंग्रजीतले सगळे दीर्घ ‘ई’ घसरत ‘आइ’ झाले आणि ‘नाइट’ उरला. एटमध्ये आधीचा स्वरच वेगळा होता, म्हणून तो ‘एट’ राहिला. म्हणजे इंग्रजीत हा चमत्कार फक्त कागदावर आहे. बोलून बघाल तर ‘एट’च्या आधी ‘न’ लावून ‘नेट’ होतं.

इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या क्लासांत स्पर्धा परीक्षेची मुलं आय-जी-एच-टीने संपणाऱ्या शब्दांच्या याद्या घोकतात: वेट म्हणजे वजन, फ्रेट म्हणजे मालवाहतुकीचं भाडं, हाइट म्हणजे उंची, स्लाइट म्हणजे हातचलाखी. या चारांच्या स्पेलिंगमध्ये अख्खा ‘एट’ बसलाय, पण आठाशी एकाचंही नातं नाही.

आता निरोप जिथे कोसळतो तिथे येऊ. संस्कृतात रात्र ‘नक्त’ आणि आठ ‘अष्ट’. जोडी फुटली! ‘किल्ली’ आणि ‘कुलूप’ म्हणून बघा. पहिल्या ‘क’ला जीभ पुढे सरकते, दुसऱ्याला ओठ गोल होतात. या सगळ्या भाषा ज्या एका जुन्या भाषेतून निघाल्या, त्या मूळ भाषेत असे दोन वेगळे ‘क’ होते: आठमध्ये किल्लीचा, रात्रीत कुलुपाचा. लॅटिन, ग्रीक, जर्मन वगैरेंच्या वाटेवर ‘त’च्या आधी ते एक झाले. संस्कृतात किल्लीचा ‘क’ पुढे सरकत सरकत श-ष झाला, कुलुपाचा ‘क’च राहिला. लिथुआनियनही तशीच: ‘नक्तिस’ आणि ‘अश्तुओनि’. रशियन आठाच्या ‘वोसेम’मध्येही ‘स’ दिसतो. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंतलं आणि व्याकरणातलं साम्य बघून विल्यम जोन्स या न्यायाधीशाने १७८६ मध्ये कोलकात्यात म्हटलं होतं, की या तिन्ही एका समान मुळातून निघाल्या असाव्यात, आणि ते मूळ कदाचित आज उरलंही नसेल.

त्या निरोपाचा सख्खा भाऊ म्हणजे ‘सगळ्या भाषा संस्कृतातूनच निघाल्या’. आठातला जो ‘क’ संस्कृतात शिल्लकच नाही, तो लॅटिनने ‘ओक्तो’साठी संस्कृतातून उचलला कसा?

अक्षरं सारखी दिसली म्हणून दर वेळी मागे ‘ख़’ असतोच असंही नाही. ‘डिलाइट’, म्हणजे आनंद, हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात जी-एच नव्हता आणि इंग्रजीत तिथे ‘ख़’ कधी बोलला गेला नाही. सोळाव्या शतकात ‘लाइट’च्या देखादेखी तो घुसडला. पण त्या फ्रेंच शब्दाचं लॅटिन मूळ ‘देलेक्तारे’. त्यात ‘क्त’ होता. फ्रेंचांनी नोक्तसारखाच तो ‘क’ विरघळवला, आणि शेकडो वर्षांनी इंग्रजांनी निव्वळ चुकीने बरोब्बर त्याच जागी दोन मुकी अक्षरं बसवली.